गुप्ते सरांची सही

रोपवेच्या दोराच्या दोन तारा तुटल्या होत्या, पण उद्यापासून गडावर जत्रा होती. तपासनीस वैजयंताने नेहमीप्रमाणे फाइल गुप्ते सरांसमोर उघडली.

सरांना जाऊन तीन वर्षं झाली होती. तपासणी कार्यालयाने त्यांचं मन यंत्रात जपलं होतं, आणि संशयास्पद फाइल सहीसाठी त्यांच्याकडेच पाठवायची रीत पडली होती. मेलेल्या माणसाला कोण तुरुंगात टाकणार? रोज संध्याकाळी त्यांची दिवसभराची आठवण पुसली जायची.

"दोर तू स्वतः पाहिलास ना गं?" पडद्यावरून सरांनी विचारलं.

"हो सर. ठणठणीत आहे."

"मग प्रश्नच नाही." सही करता करता त्यांनी मागचं पान चाळलं. "गेल्या जत्रेलाही तूच पाहिला होतास. माणसं सुखरूप उतरली ना सगळी?"



"नाही सर. नऊ जण दरीत गेले."

पडद्यावरची सही अर्धवटच थांबली.

"सही कुणाची होती?"

तिने फाइल मागे घेतली, 'रोपवे बंद' असा शेरा लिहिला आणि खाली स्वतःचं नाव घातलं.

संध्याकाळी सर हे सगळं विसरणार होते. तिला ती सोय नव्हती.