पुढचा परवा

"सर, परवाच्या तारखेला तुमचं लॉगिन होत नाहीये," टेस्टर म्हणाली.

मी परवाच्या नोंदी उघडल्या. माझं लॉगिन तिथे ठणठणीत होतं. ही पोरगी आल्यापासून माझ्याच कोडमध्ये खुसपटं काढायची.

"झालंय की लॉगिन! डोळे तपासून घे."

"तुम्ही मागचा परवा बघताय, सर. मी पुढचा म्हणतेय. टेस्टसाठी मी घड्याळ दोन दिवस पुढे ढकललंय."

"मग टाइमझोनची भानगड असेल."

"तसं असतं तर सगळेच अडकले असते. बाकीचे आत जातायत. फक्त तुम्ही बाहेर."

आता मात्र पाणी मुरतंय हे नक्की झालं. हिनेच माझ्या खात्याला हात लावला असणार! तिचं बिंग तिच्यासमोरच फोडायचं म्हणून मी तावातावाने खरा डेटाबेस उघडला. माझं खातं बंद होण्याची तारीख उद्याची होती, आणि ती टाकली होती साहेबांनी.

सकाळीच मी त्यांना बढतीचं विचारलं होतं. पाठीवर हात ठेवून म्हणाले होते, "परवा निवांत बोलू."