फ्रिजचं दार

गोदाक्कांनी आज मुद्दाम फ्रिजला हात लावला नाही. कालची भाकरी चटणीशी खाल्ली आणि फोन मांडीवर घेऊन बसल्या.

लेक शिरीष परदेशी. पूर्वी रोज विचारायचा, “आई, जेवलीस का?” दिवाळीला येऊन त्यानं फ्रिजच्या दाराला बोटाएवढा सेन्सर चिकटवला. दार उघडलं की त्याला तिकडे मोबाईलवर कळायचं, आई उठली, आई जेवली. मग विचारायचं काय राहिलं? फोन आटले.

ऊन भिंत उतरून गेलं. तिन्हीसांजेला शेजारचे पाटोळे आले.

“अक्का, शिरीषचा फोन होता मला. सेन्सरचा सेल संपलाय म्हणाला.”

त्यांनी नवा सेल घातला, दार उघडून लावलं. लगेच त्यांच्या मोबाईलवर शिरीषनं पाठवलेला अंगठा उमटला.

“दिसलात हो त्याला!”

“बरं झालं,” म्हणत अक्कांनी चहाला आधण ठेवलं.