चिंचेचा गोळा

धुळ्याच्या डॉक्टरांनी द्रौपदाबाईला तिच्या धाकटीच्या, मंगलच्या बुबुळाच्या कडेचं तपकिरी कडं टॉर्चच्या उजेडात दाखवलं. "अंगात तांबं साचतंय. आजार घराण्यातला आहे. तुमची थोरलीही यातच गेली असणार."

घरी येताच द्रौपदाबाईनं घंगाळ, कळशी, तांब्या अंगणात फेकले. "हाई बठ्ठं तांबं घरमा नको!"

गोळ्यांनी मंगलचं कडं फिकं होऊ लागलं. पण भिंतीवरच्या थोरलीच्या काळ्यापांढऱ्या फोटोत, बुबुळांभोवती तांबूस कडी उमटली. ती रोज रुंद होत गेली.

द्रौपदाबाईनं फोटो उतरवला, काच काढली आणि भांडी घासतात तशी मीठ-चिंच लावून ती कडी घासली.

झोंबल्यासारखे फोटोतले डोळे गच्च मिटले.

द्रौपदाबाईनं चिंचेचा गोळा खाली ठेवला नाही.

"उघड, पोरी. आजून तांबं निंघनं नही."