म्हशीमार्फत

आकाशात चकाकती तबकडी दिसल्याचं थोरल्या जावेनं कळवलं होतं आणि साक्षीदार म्हणून धाकटीचं नाव दिलं होतं. चौकशीला आलेल्या साहेबांना गावात शिरताच कळलं, की या दोघींचं नऊ वर्षं बोलणं बंद आहे. एकीला दुसरीला काही सांगायचंच झालं, तर ती म्हशीला सांगते, ऐकणारी ऐकते.

साहेबांनी धाकटीला गोठ्यातच गाठलं.

"तबकडी केवढी होती?"

"जाऊबाईंना विचारा."

"रंग?"

"तोही त्यांनाच ठाऊक."

साहेब वैतागले. "अहो बाई, तुम्ही तिथेच होतात ना?"

"होते की! अंगणात धार काढत होते. जाऊबाई ओरडल्या, 'अगं, वर बघ, वर!'"

"मग वर काय दिसलं?"

"वर कोण बघतंय, साहेब!" धाकटीला हसू आवरेना. "मला वाटलं, नेहमीसारखं म्हशीला सांगताहेत. वळून बघते तर काय, थेट माझा दंड धरून हलवताहेत! मी आपली त्यांच्याकडेच बघत राहिले. वरचं काय ते आता म्हशीलाच विचारा."