खिडकीशी आई

शहरातल्या गल्ल्या इतक्या अरुंद की घरोघरी उजेड एकाच खिडकीतून यायचा आणि तिच्यापुढे उभं राहिलेलं माणूस नुसतं काळं दिसायचं. फोटोग्राफर त्या शहराकडून बघायला शिकला, आणि त्या काळ्या आकृत्यांमुळेच त्याचं नाव झालं. "मेल्या, एकदा तरी माझं तोंड दिसू दे की," खिडकीशी भाजी निवडताना आई म्हणायची. "तोंडं काय कुणीही काढतं, आई." आज आईला स्मशानात पोचवून सगळे परतले, तेव्हा बहिणीने रिकामी फ्रेम त्याच्यापुढे ठेवली. "दादा, आईचा फोटो दे. तू आहेस म्हणून आम्ही कुणी कधी काढलेच नाहीत." हजारो फोटोंत आई होती, प्रत्येकात काळी. त्याने कॉम्प्युटरवर एकातला उजेड वाढवला. खिडकी पांढरीफटक झाली, आईच्या जागी राखाडी ठिपके उरले. "दिसतेय का रे?" बहिणीने मागून विचारलं. त्याने उजेड आणखी वाढवला.