पायरीवरच्या चपला

सोमवारच्या दर्शनाला कुमुदिनीकाकू विद्यापीठाच्या ग्रंथालयात येत. धरणाखाली गेलेलं पोफळवणे गाव तिथे संगणकात जपून ठेवलं होतं. तिथला आभासी दर्शनाचा चष्मा लावला की माणूस थेट महादेवाच्या अंगणात उभा राही. गाव बुडण्याआधी चहूबाजूंनी चित्रण करणारं यंत्र लावून ती सगळी मोजणी काकूंच्या यजमानांनी केली होती. त्यांनाही जाऊन आता बरीच वर्षं झाली.

"काकू, पुढच्या आठवड्यापासून हे गाव सगळ्यांना घरबसल्या बघता येईल," ग्रंथपाल रेवती म्हणाली. "आज चित्रणाची साफसफाई चाललीय. देवळाच्या पायरीवर कुणाच्या तरी चपला राहिल्यात, तेवढ्या काढून टाकते."

"नको गं बाई. ह्यांच्या आहेत त्या. देवापुढे यंत्र नको म्हणून ते अंगणात फिरत ठेवलं आणि हे दर्शनाला आत गेले."

"पण ते तर कुठेच दिसत नाहीत."

"कसे दिसतील? आत आहेत ना. तू चपला उचलल्यास, तर निघून गेले म्हणायचे."

रेवतीने नोंदीत लिहिलं, 'चपला काढू नयेत.'

काकूंनी आपल्याही चपला खोलीबाहेर काढल्या, चष्मा लावला, आणि देवळाच्या दारातल्या काळोखाकडे बघत ग्रंथालय बंद होईपर्यंत पायरीशी बसून राहिल्या.