आदर्श कामगाराचं भाषण

सोव्हिएत काळात दोनबासच्या कोळसा खाणीत प्रोखोरने एका पाळीत विक्रमी कोळसा काढला. त्याला पदक मिळालं, पेपरात फोटो आला. छत कोसळू नये म्हणून त्याच्यामागे लाकडी टेकू लावत राहिलेल्या धाकट्या भावाचं, येवखिमचं, नाव कुठेच नव्हतं.

मग प्रत्येकाने तेवढाच कोळसा काढायचा हुकूम निघाला. येवखिमला ते जमेना. त्याच्यामागे टेकू लावायला कुणीच नव्हतं. "मुद्दाम कमी काम करतो, देशद्रोही आहे," म्हणत शिपायांनी त्याला धरलं.

त्याच्या निषेधाची सभा भरली. निषेध न करणाराही देशद्रोहीच ठरायचा. पहिलं भाषण अर्थातच आदर्श कामगाराचं. प्रोखोर उभा राहिला, पण भाषणाचा कागद घडी करून खिशात ठेवू लागला.



शिपायांच्या मधून येवखिम हळूच म्हणाला, "बोल दादा, मोठ्यानं बोल. दोन्ही घरची पोरं आता तुलाच सांभाळायची आहेत."